काडी आणि कुटार

धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात आहे. कलेक्टर अमरावतीचा, एसपी अमरावतीचा, जिल्ह्याच्या कामाला जायचं तेही अमरावतीलाच. लोकसभेचं मत मात्र वर्ध्याला जातं. धामणगाव आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा यांच्यासोबत वर्धा लोकसभेत मोडतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत या भागातल्या मतदाराच्या वाट्याला एक चमत्कारिक भूमिका आली. अमरावतीच्या राजकारणात जो शाब्दिक धुरळा उडाला, हनुमान चालिसापासून ‘पंधरा सेकंदां’पर्यंत, तो सगळा त्याच्या मोबाइलवर येऊन पोचला, पण ज्यांच्या तोंडून तो उडाला त्यांना निवडून देण्याचा किंवा घरी बसवण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो नुसता ऐकणारा होता. चिथावणीच्या भाषणाचा विचार करायला असा श्रोता फार सोयीचा आहे, कारण एरवी सहज निसटणारी एक गोष्ट तो नजरेसमोर ठेवतो. अशा भाषणात माणसं तीन असतात: बोलणारा, ज्याचं नाव घेऊन बोललं जातं तो, आणि ऐकणारा. शिवी दुसऱ्याला दिलेली असते, पण बोलणं तिसऱ्यासाठी असतं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे की ज्याला डिवचलं जातं तो बहुतेक वेळा पहिल्याला उत्तर देतो, तिसऱ्याला विसरतो, आणि तिथेच हरतो.

सोयाबीन किंवा तूर काढून झाली की जो भुसा उरतो त्याला वऱ्हाडात कुटार म्हणतात. ओल्या काळ्या मातीत पडलेली काडी विझते; कुटाराच्या ढिगावर पडली तर गोठ्यापर्यंत जाते. राजकारणात काडी टाकणाऱ्याकडे स्वतःचं कुटार क्वचितच पुरेसं असतं. थोडं लोकांच्या मनात साठलेल्या जुन्या दुखण्यांतून मिळतं, आणि उरलेलं विरोधक स्वतःच्या डोक्यावर वाहून आणून देतो. ही दुसरी गोष्ट कशी घडते याचं शिकण्यासारखं उदाहरण अमरावतीनेच महाराष्ट्राला दिलं आहे.

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याच्या दिवशी राज ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय काढला: भोंगे उतरवा, नाहीतर समोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावू. बडनेऱ्याचे आमदार रवी राणा आणि अमरावतीच्या खासदार नवनीत राणा यांनी तो धागा उचलला आणि त्याला नवं टोक काढलं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हनुमान चालिसा म्हणावी, नाहीतर आम्ही येऊन त्यांच्या ‘मातोश्री’ या घरासमोर म्हणू, असं त्यांनी जाहीर केलं. कारागिरी म्हणून या मागणीकडे पाहिलं तर ती अव्वल दर्जाची आहे. म्हणावी, तर मुख्यमंत्री दोन अपक्ष लोकप्रतिनिधींपुढे नमले असं दिसणार. नकार द्यावा, तर काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत बसल्यापासून शिवसेनेने हिंदुत्व सोडलं या आरोपाला पुरावा मिळणार. अडवावं, तर देवाचं नाव घेणाऱ्यांवर जुलूम झाला म्हणता येणार. बोलणाऱ्यांची नजर उद्धव ठाकऱ्यांवर नव्हतीच. अडीच वर्षं आघाडीच्या सत्तेत मनातून अवघडून बसलेला शिवसेनेचाच कार्यकर्ता आणि आमदार हा या मागणीचा खरा श्रोता होता.

उत्तर काय आलं? शिवसैनिक ‘मातोश्री’वर जमले आणि राणांच्या खारच्या घराखालीही जमले. २३ एप्रिलला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मुंबईत येणार असल्याचं कारण देऊन राणा दांपत्याने कार्यक्रम मागे घेतला. इथे विषय संपत होता. ज्याने आव्हान दिलं त्यानेच पाय मागे घेतला होता. त्या संध्याकाळी सरकारने काहीही केलं नसतं तरी सरकार जिंकलं असतं. पण संध्याकाळी दोघांना अटक झाली. आधी भारतीय दंड संहितेचं कलम १५३ अ लागलं, मग १२४ अ, म्हणजे राजद्रोह. खासदारबाई भायखळ्याच्या तुरुंगात गेल्या, आमदार तळोजाला. ४ मे रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने जामीन देताना बोलण्यात आक्षेपार्ह भाग असल्याचं मान्य केलं, पण राजद्रोहाला लागणारी हिंसेची चिथावणी त्यात प्रथमदर्शनी दिसत नाही असं नोंदवलं. आणि आठवडाभराने, ११ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं कलमच देशभर स्थगित ठेवलं. ज्या कलमाविरुद्ध टिळकांपासूनचा महाराष्ट्र बोलत आला, ते कलम एका स्तोत्राच्या घोषणेवर लावण्याचा मान महाराष्ट्र सरकारने घेतला होता.

यातली खरी चुटपुट वेगळीच आहे. बरोबर उत्तर उद्धव ठाकऱ्यांकडे होतं आणि ते त्यांनी दिलंही. चालिसा म्हणायची असेल तर रीतसर घरी या, दादागिरी करून याल तर खपवून घेणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. पण बोलले ते अटकेनंतर दोन दिवसांनी. हेच वाक्य आठवडाभर आधी, हसत, हातात प्रसादाची वाटी घेऊन आलं असतं तर? मागणीचा डंख निघून गेला असता, कारण तो नकाराच्या अपेक्षेवर उभा होता. उत्तराचा मजकूर जितका महत्त्वाचा तितकाच त्याचा क्रम. आधी पोलीस आणि मग सौजन्य, या क्रमात सौजन्य कुणाला ऐकू येत नाही. जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडाने ते सरकार पडलं. ते चालिसामुळे पडलं असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. त्याची कारणं अनेक होती. पण बंडखोरांनी हिंदुत्व सोडल्याचा आरोप पुढे केला तेव्हा तो ऐकायला माणसं तयार होती, आणि त्या तयारीत एप्रिलच्या अटकेचा वाटा नव्हता असंही कुणी म्हणू नये.

सत्तेने डिवचणाऱ्याला तुरुंगात टाकून मोठं करण्याची परंपरा अर्थातच जुनी आहे, आणि तिचाही एक अध्याय अमरावतीत घडला. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेक उत्सवात अफझलखानाच्या वधावर चर्चा झाली, ती ‘केसरी’त छापून आली, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. या व्याख्येने अर्धा देश गुन्हेगार ठरत होता. सहा युरोपियन ज्युरर एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या. शिक्षा दीड वर्षाची. त्याच डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष होते टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर. टिळक तुरुंगात असल्याने अधिवेशनाला नव्हते, आणि तरी मंडपभर तेच होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या नेमस्त पुढाऱ्यालाही व्यासपीठावरून त्यांच्याविषयी गहिवरून बोलावं लागलं. पुण्यातल्या एका संपादकाला अखिल हिंदुस्थानचा पुढारी करण्याचं काम सरकारने अशा रीतीने पार पाडलं. १९०८ मध्ये तेच पुन्हा, सहा वर्षांच्या मंडालेसकट, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं.

इथे कुणी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: टिळकांना आजच्या वाचाळांच्या पंगतीला बसवणं बरोबर नाही. टिळक परक्या सत्तेविरुद्ध बोलत होते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चिथावणी दोन दिशांना जाते. एक वर जाते, सत्तेकडे: मुख्यमंत्री, सरकार, साहेब. दुसरी आडवी जाते, शेजाऱ्याकडे. पहिलीत ज्याला डिवचलं जातं त्याच्या हातात पोलीस असतात. दुसरीत ज्याला डिवचलं जातं त्याच्या हातात किराणा दुकानाच्या शटरची किल्ली असते. ‘मातोश्री’समोरची चालिसा ही पहिल्या प्रकारातली होती. तिला कायद्याने उत्तर देणं म्हणजे डास मारायला बंदूक काढणं. दुसऱ्या प्रकाराला मात्र हसून उत्तर देता येत नाही.

तरीही कायद्याचा हात कसा पोचतो ते पाहिलं पाहिजे. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारभाषणांवरून न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निकाल कायम केला, आणि ठाकरेंचा मताधिकार काढून घेण्याचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. तोवर शिवसेनेचा मुख्यमंत्री मंत्रालयात बसून चार वर्षं झाली होती. दुसरं उदाहरण याहून केविलवाणं. १९९२-९३ च्या दंगलीच्या काळातल्या ‘सामना’तल्या लेखनाबद्दल जुलै २००० मध्ये, छगन भुजबळ गृहमंत्री असताना, ठाकरेंना अटक झाली. मुंबई श्वास रोखून बसली. दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटल्याच्या कारणावरून त्याच दिवशी खटला निकालात काढला. सरकारला कायदा राबवायचा होता की हिशेब चुकता करायचा होता, असा प्रश्न लोकांनी विचारला, आणि त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाडला तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे उद्धव ठाकऱ्यांच्या कानाखाली मारण्याची भाषा बोलले, दुसऱ्या दिवशी त्यांना संगमेश्वरला अटक झाली आणि रात्री जामीन मिळाला. कोकणापुरती राहिली असती अशी त्यांची जन आशीर्वाद यात्रा देशाच्या बातम्यांत गेली. या तिन्ही घटनांत कायदा चुकीचा नव्हता. तो एकतर इतका उशिरा आला की त्याचा अर्थ उरला नाही, किंवा ज्याचा अपमान झाला त्याच्याच हातात असल्यामुळे सुडासारखा दिसला.

मग शेजाऱ्यावर काडी पडते तेव्हा काय करायचं? १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्यांवरून निघालेल्या मोर्चाच्या दिवशी अमरावतीत दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर म्हणून बंद पुकारला गेला आणि जास्त जाळपोळ त्या दिवशी झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. मे २०२३ मध्ये अकोल्यात एका समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल झाली आणि एक जीव गेला. दोन्हीकडे मूळ बोलणारे किंवा लिहिणारे सुरक्षित राहिले. जळल्या त्या हातगाड्या आणि मोटारसायकली. अशा जागी कायदा ताबडतोब लागला पाहिजे, आणि तो विरोधी पक्षाच्या मागणीवरून नव्हे, पोलिसांच्या स्वतःच्या नोंदीवरून. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना नेमकं हेच सांगितलं आहे: द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. राजकीय विरोधकाचं काम इथे दुसरं आहे. बंदला प्रतिबंद नाही, मोर्चाला प्रतिमोर्चा नाही. ज्याला धमकावलं गेलं त्याच्या दुकानात दुसऱ्या दिवशी उभं राहायचं.

हे भाबडं वाटत असेल तर भिवंडीकडे पाहा. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी बदनाम झालेलं हे गाव. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिटी म्हणजे पुढाऱ्यांची शोभेची शांतता समिती नव्हे. गल्लीतले दोन्ही समाजांचे साधे लोक, बीटच्या हवालदारासोबत नियमित बसणारे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. काड्या तिथेही पडल्या असतील. कुटार आधीच ओलं करून ठेवलेलं होतं. लक्षात घेण्यासारखं हे की ते काम भाषणाच्या दिवशी झालं नव्हतं, त्याआधी चार वर्षं चाललं होतं.

राजकारणात लोकांना सर्वांत आवडणारं उत्तर म्हणजे तोडीस तोड. त्याची चव खमंग असते, म्हणून त्याच्याविषयी थोडं कठोरपणे बोललं पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये एमआयएमचे अकबरुद्दीन ओवैसी यांनी तेलंगणात, पोलीस पंधरा मिनिटं बाजूला करा, अशा आशयाचं भाषण केलं. मे २०२४ मध्ये नवनीत राणा, आता भाजपच्या, हैदराबादेत प्रचाराला गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला पंधरा सेकंद पुरतील. त्यावर अकबरुद्दीन यांचे बंधू असदुद्दीन ओवैसींनी पंधरा तास घ्या म्हणून प्रतिआव्हान दिलं. हिशेब मांडू. राणांच्या अमरावतीत मतदान २६ एप्रिललाच होऊन गेलं होतं, म्हणजे स्वतःच्या मतदारसंघात या वाक्याचा उपयोग शून्य. हैदराबादेत भाजपच्या माधवी लता तीन लाखांहून अधिक मतांनी हरल्या. एका वाईट वाक्याने जवळपास साडेअकरा वर्षांनंतर दुसऱ्या वाईट वाक्याला जन्म दिला, आणि ओवैसींना आपला मतदार घट्ट बांधायला आयती दोरी मिळाली. तोडीस तोड उत्तरात पहिल्याची ताकद दुसऱ्यात येत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये मार्को रुबियो यांनी ट्रम्प यांची शारीरिक टिंगल ट्रम्प यांच्याच थाटात करून पाहिली. मार्चमध्ये ते स्वतःच्या फ्लोरिडात हरले आणि त्या भाषेबद्दल त्यांनी नंतर खेद व्यक्त केला. शिवराळपणाची ज्याची दुकानदारी आहे त्याच्या दुकानात जाऊन स्वस्त विकता येत नाही.

मग गप्प बसावं? तेही नाही. गप्प बसणाऱ्याचा कार्यकर्ता हिरमुसतो, आणि ज्यांच्यावर आरोप झाला त्यांना वाटतं की आपल्याला वाऱ्यावर सोडलं. उत्तर द्यायचं, फक्त तोंड कुणाकडे करायचं ते ठरवून. याचा एक जुना वस्तुपाठ धामणगावपासून फार लांब नसलेल्या कौंडण्यपुराशी जोडलेला आहे. वर्धा नदीच्या काठचं हे रुक्मिणीचं माहेर. शिशुपाल इथेच बाशिंग बांधून आला आणि रिकाम्या हाताने परतला. महाभारताच्या सभापर्वात, युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात, तो तोंड सोडतो. भीम उसळतो, भीष्म त्याला धरून बसवतात. आपल्याला गोष्टीतले शंभर अपराध आणि शेवटचं सुदर्शन तेवढं आठवतं. मधली गोष्ट आपण विसरतो. कृष्ण शिशुपालाला उत्तरच देत नाही. तो मृदू आवाजात जमलेल्या राजांकडे वळतो आणि शिशुपालाने काय काय केलं याची यादी त्यांच्यापुढे ठेवतो. ते ऐकून सभेतले राजेच शिशुपालाची निर्भर्त्सना करू लागतात. चक्र लोकशाहीत कुणाच्याही हातात नको, पण त्याआधीचा भाग आजही चालतो: बोलणाऱ्याकडे पाठ, सभेकडे तोंड, आवाज खाली, हातात तपशील.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा प्रचारात एकाच घरातून दोन्ही प्रकारची उत्तरं आली. योगी आदित्यनाथ यांची ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा गाजत होती. काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी उत्तर देताना भगवी वस्त्रं आणि मुंडन केलेलं डोकं यांच्यावर बोट ठेवलं. इथे त्यांची चूक झाली. घोषणा बाजूला राहिली आणि वस्त्रांचा अपमान हा विषय झाला. मग अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या सभेत आदित्यनाथांनी खर्गेंच्या बालपणाची जखम उघडी केली: निजामाच्या राज्यात रझाकारांनी त्यांचं वरवट्टी गाव जाळलं, त्यात त्यांची आई गेली, आणि मतांसाठी खर्गे ते सांगत नाहीत. याहून आतलं डिवचणं कल्पिता येणार नाही. उत्तर दिलं ते चिरंजीव प्रियांक खर्गे यांनी. घडलं ते खरं आहे असं त्यांनी आधी मान्य केलं. मग ते कृत्य रझाकारांचं होतं, एका सबंध समाजाचं नव्हे, आणि वडिलांनी त्या दुःखाचा राजकारणासाठी कधी वापर केला नाही, द्वेषाला जवळ केलं नाही, असं सांगितलं. आदित्यनाथांना उद्देशून जे बोललं गेलं ते त्यात महत्त्वाचं नव्हतं. सत्य नाकारलं नाही, म्हणून ऐकणाऱ्याचा विश्वास बसला. आणि त्या सत्याचा अर्थ काय लावायचा एवढ्यावरच वाद आणून ठेवला. त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांतून गेलेलं मला ते सर्वांत चांगलं उत्तर वाटतं.

याच घोषणेने आणखी एक संधी दिली होती आणि ती विरोधकांनी घालवली. महायुतीतल्याच अजित पवार यांनी ही भाषा महाराष्ट्रात चालणार नाही असं उघड सांगितलं. भाजपच्याच पंकजा मुंडे यांनीही नापसंती दाखवली. जहाल वाक्य पुष्कळदा बोलणाऱ्याच्याच घरात भिंत उभी करतं. अशा वेळी विरोधकाने आवाज कमी करून त्या घरातला आवाज लोकांना ऐकू द्यायचा असतो. आपण बाहेरून दगड मारले की आतली भांडणं थांबतात आणि सगळे दाराला आडणा लावतात.

पुरावा मागणं हे दुसरं हत्यार, आणि ते अमरावतीतच चालून दाखवलं गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये रवी राणा यांनी आमदार बच्चू कडू यांच्यावर शिंदे यांच्या बंडाच्या वेळी गुवाहाटीला जाण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप केला. कडूंच्या जिभेवरही काही तुळशीपत्र ठेवलेलं नाही. शब्दांची देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. पण त्यांनी एक गोष्ट केली जी इतर करत नाहीत: पुरावा द्या, आणि १ नोव्हेंबरपर्यंत द्या. तारीख पडली की आरोपाला मुदत पडते. रोज नवा आरोप करून पुढे जाता येत नाही. लोक तारखेची वाट पाहू लागतात. सरकार दोघांच्याही पाठिंब्याचं, त्यामुळे शिंदे आणि फडणवीस यांना दोघांना बसवावं लागलं, आणि ३१ ऑक्टोबरला राणांनी दिलगिरी व्यक्त केली. तारखेच्या एक दिवस आधी.

आणि कधी कधी डिवचणाऱ्याच्या बोलण्यात तथ्याचा एक दाणा असतो. तो उचलून घेतला की बाकीचं फोलपट उरतं. भोंग्यांचंच घ्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक नको हा नियम कुठल्याही पक्षाच्या सभेआधीचा आहे आणि तो सगळ्यांना आहे. तो सगळ्यांना लावायला घेतला तेव्हा, मे २०२२ मध्ये, शिर्डीच्या साईमंदिरातल्या काकड आरतीचा आवाजही बंद झाला, आणि तो सुरू ठेवावा अशी विनंती करायला शिर्डीतले मुसलमान पुढे आले. एका समाजाविरुद्ध उगारलेली मागणी नियम म्हणून राबवली की तिचं काय होतं, याचं एवढं स्वच्छ प्रात्यक्षिक कुणा विरोधकाला योजून करता आलं नसतं. विरोधकांनी ते नीट सांगितलंही नाही, हे दुर्दैव.

आता सगळ्यांत जड हरकत. हे सगळं सभ्य आहे, पण याने निवडणूक जिंकता येते का? प्रियांक खर्गेंचं उत्तर उत्तम होतं आणि थोड्याच दिवसांत महाविकास आघाडीचा धुव्वा उडाला. महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा. राहुल गांधींची जीभ कापणाऱ्याला ११ लाख देऊ म्हणणारे बुलढाण्याचे संजय गायकवाड निवडून आले, जरी ८४१ मतांनी. प्रामाणिक उत्तर असं: नाही, चांगल्या उत्तराने निवडणूक जिंकली जात नाही. वाईट उत्तराने मात्र आठवडे हरवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये गायकवाडांचं ते वाक्य आणि त्याला जोडून अमरावतीचे राज्यसभा खासदार अनिल बोंडे यांनी काढलेली जिभेला चटके देण्याची भाषा, यावर काँग्रेसने पोलिसांत धाव घेतली, गुन्हे नोंदले गेले. ते योग्यच होतं. पण त्याच दिवसांत वऱ्हाडातला सोयाबीन उत्पादक ४,८९२ रुपये हमीभावाच्या खाली भाव पाहत होता, आणि त्याच्या घरात जुलैपासूनच्या लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचा हिशेब चालू होता. सत्ताधारी जहाल बोलत होते आणि खात्यात पैसेही टाकत होते. विरोधक जिभेवर बोलत राहिले. काडी टाकण्याचा एक उपयोग हाच असतो: दुसऱ्याला आग विझवण्यात गुंतवायचं आणि आपण बाजाराला जायचं.

उत्तर मोजून द्यायचं ते यासाठी. ज्यावर पोलीस बोलू शकतात ते पोलिसांवर सोडायचं, ज्यावर एका वाक्यात बोलता येतं त्यावर दोन वाक्यं खर्चायची नाहीत, आणि उरलेला वेळ ऐकणाऱ्याच्या विषयाला द्यायचा. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घ्यायचे, अस्सल वऱ्हाडीत. समोरचा माणूस स्वतः बोलला की त्याला भडकावणं अवघड जातं, हे त्या माणसाला कुठल्याही संज्ञापनशास्त्राआधी ठाऊक होतं. आजच्या सभांत प्रश्न विचारले जातात ते टाळ्यांसाठी.

धामणगावच्या श्रोत्याकडे परत येऊ, ज्याला अमरावतीच्या धुरळ्यात मत नव्हतं. ४ जून २०२४ रोजी अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी नवनीत राणांना १९,७३१ मतांनी हरवलं. शेजारच्या वर्ध्यात, जिथे असा धुरळा उडाला नव्हता, अमर काळे यांनी भाजपचे रामदास तडस यांना ८१,६४८ मतांनी हरवलं. आणि साडेपाच महिन्यांनी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत धामणगाव, मोर्शी, आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा, या सहाही जागा भाजपने जिंकल्या.